कोरडे वाडगे

वाडगे कोरडे होते. झेंडूच्या रोपांमध्ये काठापर्यंत पुरलेले सगळेच वाडगे, कोणी फडक्याने पुसून ठेवावेत तसे. त्यांत बीअर असायला हवी होती आणि बीअरमध्ये बुडालेल्या गोगलगायी. नेरिस सपाता घालून ओल्या गवतात उभी होती.

ही रोपं तिच्या नवऱ्याने, एम्लिनने, मे महिन्याच्या अखेरीस बाजारातून उचलून आणली होती. कोणी न घेतलेली, एवढ्याशा कुंड्यांत वाढून बसलेली. आत मुळांनी एकमेकांभोवती इतकी वेटोळी घातली होती की माती नावालाच उरली होती. अशी रोपं तशीच लावली तर मुळं जमिनीत गेल्यावरही गोल गोलच फिरत राहतात, म्हणून एम्लिन एकेका रोपाचा गुंता बोटांनी सोडवत बसे. संध्याकाळी हात रिकामे राहिले की तहान लागते, असं तो म्हणायचा. ती तहान चहाची नव्हे, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

हिवाळ्यापासून तो दारूच्या थेंबाला शिवला नव्हता. त्या वेळी नेरिसने त्याला शांतपणे सांगितलं होतं की आता एक घोट जरी घेतलास तरी मी स्वान्सीला ओल्वेनकडे निघून जाईन. ओल्वेन तिची बहीण. नेरिसने हे पुन्हा कधी बोलून दाखवलं नाही. एम्लिनलाही पुन्हा ऐकायची गरज पडली नाही.

पण गोगलगायींना त्याचं काय? या बिनशंखाच्या, बोटाएवढ्या. पहिल्याच रात्री त्यांनी निम्मे झेंडू फस्त केले. अंड्यांची टरफलं पसरली, तर त्यांवरून त्या खुशाल चालत गेल्या. मग शेजारच्या प्रॉसरने भिंतीवरून मान काढली. गावातली खाण बंद पडल्यापासून म्हाताऱ्याला सल्ले देण्याखेरीज उद्योग नव्हता. वाडग्यात बीअर ओतून ठेवा, वासाने येतात आणि बुडून मरतात, आमच्याकडे आजोबांपासून हेच चालतं, असं म्हणाला आणि लगेच त्याने जीभ चावली. नेरिस नकोच म्हणत होती. एम्लिनने तोडगा काढला. बीअर तिने आणायची, तिनेच उघडायची, तिनेच ओतायची. तोवर तो दार लावून आत बसणार.

रोज तसंच चाललं होतं. काल मात्र चॅपलमधली तिची गाण्याची तालीम लांबली. ती घरी आली तेव्हा एम्लिन घोरत होता आणि ओट्यावर बीअरचे रिकामे डबे नीट ओळीने ठेवलेले होते. बिचाऱ्याने आज स्वतः ओतली, असं तिला वाटलं. तिला त्याचं कौतुकही वाटलं. त्याच्या बाहीला वास येत होता, पण ओतताना सांडतेच की.

आता तिने एक वाडगा उपटला आणि घरामागे गेली. एम्लिन झेंडूंबरोबरच आणलेली पेटुनियाची उरलेली रोपं लावत गुडघ्यांवर बसला होता.

“एम्लिन, काल प्यालास?”

त्याने वाडग्यात पाहिलं. पूर्वी अशा कितीतरी सकाळी तिने त्याला आदल्या रात्रीचा हिशोब ऐकवला होता. कधी काच फोडल्याचा, कधी तिच्या भावाच्या दफनाच्या दिवशी घातलेल्या गोंधळाचा. त्याला कधीच काही आठवायचं नाही. ती सांगेल ते तो मान खाली घालून कबूल करायचा.

“ओतल्याचं आठवतं,” तो म्हणाला. “मग झोपलो. पूर्वीही मला एवढंच आठवायचं, नेरिस. प्यालो असेन.”

त्याने भांडायला हवं होतं. खोटं का होईना, नाही म्हणायला हवं होतं. नेरिसला रागापेक्षा थकवाच जास्त आला. ती आत गेली, ओल्वेनला फोन केला आणि कपाटावरची बॅग खाली काढली. एम्लिन तिला थांबवायला आला नाही. ती बॅग घेऊन बाहेर आली तेव्हा तो मुळं सोडवतच होता. मान वर न करता तो म्हणाला की बसस्टॉपपर्यंत बॅग मी आणून देतो, जड असेल.

तेवढ्यात फाटक करकरलं. प्रॉसर आपल्या लठ्ठ कुत्र्याला लेकरासारखं कडेवर घेऊन आत आला. कुत्र्याची जीभ बाहेर लोंबत होती आणि डोळे अर्धे मिटलेले होते.

“माझा सल्ला माझ्याच अंगाशी आला, पोरी,” तो नेरिसला म्हणाला. “हा मॉस रात्री भिंतीखालून उकरून तुमच्याकडे घुसला. सगळे वाडगे चाटून आलाय, गोगलगायींसकट. उभा केला की चार पाय चार दिशांना जातात. तोंडाचा वास घेऊन बघ.”

नेरिसने वास घेतला आणि तिला हसू फुटलं. इतकं की ती तिथेच बॅगेवर बसली, डोळ्यांतून पाणी आलं तरी हसू थांबेना. प्रॉसरही हसायला लागला. डोळे पुसत तिने नवऱ्याकडे पाहिलं.

एम्लिन हसत नव्हता. मातीने भरलेले हात तसेच मांडीवर ठेवून तो तिच्याकडे पाहत होता. मग एखादं मूल विचारतं तसं त्याने हळूच विचारलं,

“म्हणजे मी नव्हतो?”