डब्यातल्या बांगड्या

चंद्रपुरात गफ्फारभाऊंच्या कॅसेटच्या दुकानामागे गोधड्या टांगलेली रेकॉर्डिंगची खोली होती. सत्त्याण्णव साली तिथंच मी माझं पहिलं प्रेमगीत गायलं. भाऊ गाणाऱ्या बायांना बांगड्या आधी डब्यात काढून ठेवायला लावत. मीही ठेवल्या.

तरी टेपवर बांगड्या वाजल्या, अगदी ठेक्यात.

ती टेप कोणालाच न ऐकवता आम्ही गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं. त्याच्या कॅसेटी अहेरीच्या बाजारात गेल्या.

आठवड्यात तिथले कॅसेटवाले सोमाजीभाऊ सगळ्या कॅसेटी परत घेऊन आले. "हर्षाबाई, गिऱ्हाईक इचारते, यातल्या बांगड्या काऊन काढल्या?"

गफ्फारभाऊंनी पहिली टेप लावली. ऐकता ऐकता हसून मला म्हणाले, "गोड वाजते ना, पोरी? राहू दे."

अर्ध्या कडव्यावर त्यांनी टेप बंद केली.

उरलेलं कडवं डब्यातल्या बांगड्यांनी पूर्ण केलं.