सुनेची कंबर

मृणालच्या निरोप समारंभात शाल-नारळ देऊन झाला आणि साहेबांनी वेदनापट्टे मागवले. निवृत्त होणाऱ्याचं दुखणं घरच्या एकाने मिनिटभर सोसायचं, ही आता सगळ्याच कचेऱ्यांतली रीत होती.

सासूबाई हौसेने पुढे झाल्या. त्यांनी जन्मभर भाताची लावणी केली होती; सुनेला त्या नेहमी विचारायच्या, "खुर्चीत बसून कंबर कशी गं दुखते?"

दोघींच्या कमरेला एकेक पट्टा बांधला. बटण दाबताच सासूबाईंनी टेबल गच्च धरलं.

"काढू का, आई?" मृणाल घाबरली.

"ऱ्हाऊ दे."

मिनिट संपल्यावर त्या ताठ उभ्या राहिल्या आणि सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ही भात लावणाऱ्या बाईची कंबर हाय. माझी सून हाय ती!"