एका पापी जिवासाठी

आमच्या मंडळीतल्या ताई बुधवारच्या प्रार्थनासभेत वर्षानुवर्षं एकाच पापी जिवासाठी गुडघे टेकायच्या. तो जीव म्हणजे त्यांची धाकटी जाऊ. "प्रभू, तू सगळं जाणतोस, तरी सांगते," अशी सुरुवात व्हायची. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा ही कशी फिरकली नाही, आणि अंत्यविधीला नवा गॉगल लावून कशी उभी राहिली, सगळं तपशीलवार. देव जरा कमी ऐकत असावा, कारण आवाज शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत पोचायचा. आम्हीही डोळे मिटून आणि कान उघडे ठेवून "आमेन" म्हणायचो.

गेल्या रविवारी धाकटी खरंच चर्चमध्ये आली. सगळ्यांदेखत रडली, "माझं चुकलं" म्हणाली.

पाळक गहिवरले. "ताई, तुमची प्रार्थना फळाला आली! घ्या तिला जवळ."

ताईंनी शेजारच्या रिकाम्या जागेवर आपली पर्स ठेवली. "मी तिचं तारण मागितलं होतं, पाळकसाहेब. ते माझ्याच बाकावर करा, असं कुठे म्हटलं होतं?"

धाकटी डोळे पुसत मागे जाऊन बसली.

या बुधवारी मात्र ती सगळ्यांच्या आधी येऊन पुढे बसली होती. ताई आत आल्या, तशी तिने गुडघे टेकले. आम्ही पटकन डोळे मिटले.



"प्रभू, तू सगळं जाणतोस, तरी सांगते… आमच्या मोठ्या जाऊबाई आहेत ना…"