आधी आईबापाचं

घरात तांदळाच्या पिठाने भिंतीवर लग्नदेवीचा चौक रंगवून झाला होता. बाहेर मांडवात हळद लावलेल्या दोन जोड्या बसल्या होत्या, एक मुलाची आणि एक त्याच्या आईबापाची. लाडक आणि चैती तरुणपणी एकत्र राहू लागले, लग्न राहूनच गेलं. वारल्यांत त्याचं कोणाला काही वाटत नाही. फक्त आईबापाचं लागल्याशिवाय मुलाचं लागत नाही.

लग्न लावणारी धवलेरी गाता गाता थांबली. "चैते, नवरा पसंत आहे ना गं?" तिने चेष्टेने विचारलं.

चैती पदर सारखा करत बसली. बायका खिदळल्या. मुलगा मात्र घाबरला. "आये, हो म्हण ना!"

"तू गप. तुझ्याआधी माझं लग्न आहे." चैती पिकल्या केसांच्या नवऱ्याकडे वळली. "बाजाराला जाताना जन्मभर पुढे पळालास. आता तरी बरोबर चालशील?"

लाडक लाजला. "चालेन."

"मग पसंत."

चौकाच्या पाया पडायला लाडक सवयीने भराभर निघाला आणि उंबऱ्याशी थांबला. गुडघ्यावर हात टेकून उठलेली चैती शेजारी येईपर्यंत धवलेरी तीच ओळ पुन्हा पुन्हा गात राहिली.