दोन टोकांचे दोन पाने

“चाकी हाताला घट्ट लागली की थांबायचं. त्यापुढे अर्धा आटाही नाही,” ताईने थोरल्या भावाला बजावलं आणि त्याच्या हातात पाना दिला. मग घराला वळसा घालून ती धाकट्याकडे गेली आणि तेच सांगून दुसरा पाना देऊन आली. दोघांना एका जागी उभं करायचं म्हणजे पोलीस लागले असते.

घर एकच होतं. दारं दोन, नळ दोन, विजेचे मीटर दोन. मधल्या जिन्यापाशी जमिनीपासून छपरापर्यंत गेलेली भेग मात्र सामाईक होती. गेल्या महिन्यातल्या धक्क्याची ती कमाई. पुढचा धक्का बसला तर घराची दोन शकलं होणार, हे सांगायला ताईची भूकंपमापन खात्यातली नोकरी लागत नव्हती. म्हणून तिने घरातून आरपार लोखंडी सळई घातली होती. एक टोक थोरल्याच्या बाहेरच्या भिंतीत, दुसरं धाकट्याच्या, आणि दोन्ही टोकांना पान्याने आवळायची चाकी.

“पण समुद्र कुठे, आपण कुठे,” थोरला म्हणाला. “इथे भूकंप येतोच कसा?”

“खंडाच्या कडेला ढकलाढकली चालते, तिचा रेटा आतपर्यंत येतो. खालची जमीन सलग दिसते रे, पण ते जुने तुकडे आहेत, एकमेकांना भिडलेले. हळूहळू सरकत राहिले तर कोणाला पत्ताही लागत नाही. हट्टाने अडून बसले की ताण साठतो, आणि एक दिवस सगळं एकदम.”

“धाकटा तसाच आहे,” थोरला म्हणाला.

पलीकडे धाकट्याने विचारलं, “ताई, मी आवळलं की त्याची भिंत माझ्याकडे ओढली जाते ना?”

“दोन्ही भिंती एकमेकींकडे येतात.”

धाकट्याने त्यातलं निम्मं ऐकलं. उघड्या खिडकीतून थोरल्याने उरलेलं निम्मं ऐकलं.

ताई जिन्यापाशी आली. भेगेशेजारच्या अखंड भिंतीवर तिने काचेची पट्टी चिकटवली होती. भिंतीवर जादा ताण आला की काच तडकणार. दोन्हीकडून पाने कुरकुरू लागले. भेग शहाण्यासारखी मिटली. ताईने समाधानाने हाक दिली, “बास!”

कुरकुर चालूच राहिली.

“अरे, बास म्हटलं ना!”

“आधी त्याला थांबव!” दोन्ही टोकांकडून एकदम उत्तर आलं. कित्येक वर्षांत दोघांचं एकमत झालं ते हे.

“माझी भिंत ओढतोस काय रे, चोरा!”

“हिंमत असेल तर सोडवून ने!”

सळई गुणगुणायला लागली. वरून गिलाव्याचा पोपडा ताईच्या खांद्यावर पडला. तिने भिंतीला तळवा लावला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. काच टचकन तडकली.

ताईने पिशवी उचलली, चप्पल घातली आणि ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. धक्का बसला तर कुठे उभं राहायचं, हे गल्लीला तिनेच शिकवलं होतं. तिला तिथे पाहताच समोरची बाई पोरं काखोटीला मारून धावत आली. तिच्यामागून सगळी गल्ली घरं उघडी टाकून बाहेर पडली.

“ताई, जमीन हलतेय?”

“छे,” भावांच्या घरावरची नजर न काढता ताई म्हणाली. “हलत नाहीये, तीच तर भीती आहे.”