नोंदींना कुलूप
सर्व्हरवर कोण काय करतं याची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला शेफाली नवे नियम लावत होती. ते लागू झाले की नोंदी बदलणं कुणालाच, अगदी तिलाही, जमणार नव्हतं. बद्रीनाथ सर खुर्ची ओढून शेजारी बसले. तिला हे काम त्यांनीच शिकवलं होतं. “शेफाली, मला एकट्याला परवानगी ठेव. मार्चमध्ये माझ्या हातून ग्राहकांची फाइल उडाली, ती नोंद पुसतो. निवृत्तीला दोनच वर्षं उरलीत गं.” “सर, तुम्हाला दिली तर या नियमांना काय अर्थ राहिला?” “तुला मांजरी गावाहून बोलावून नोकरी कुणी दिली?” तिनं मान खाली घालून एंटर दाबलं. नियम सगळ्यांना लागू झाले, सरांनाही. रोज तिला चहाला हाक मारणारे सर एकटेच खाली गेले. संध्याकाळी निघताना ते तिच्या टेबलापाशी थांबले. “मॅडम, आपलं काम झालं असेल तर आपण निघू शकता.”