पाय टेकायचा नाही

ऊर्जानगरच्या आम्हा बारा जणांना जंगलातून सायकलफेरीची परवानगी पहिल्यांदाच मिळाली होती. नियम मात्र जिप्सी सफारीचेच होते. वनरक्षक इस्तारीभाऊंनी ते गेटवर वाचून दाखवले. "एक, जमिनीले पाय टेकवाचा नाई. दोन, वाघ दिसला का गाडी जागीच थांबवाची. नियम मोडला, त पुढच्या साली फेरी बंद."

"पण भाऊ, थांबलेली सायकल पाय न टेकवता उभी कशी राहील?" साधनाने विचारलं.

"थे कागदात नाई लिवलं, बाई."

म्हणून गोंडराजांच्या काळातले दगडी खांब आम्ही त्यांच्याभोवती गोल गोल फिरत पाहिले. निकेशने इतिहासही फिरता फिरताच सांगितला. मला राजाचं नाव ऐकू आलं, साधनाला सन.

तिसऱ्या खांबाच्या सावलीत वाघ बसला होता. आम्ही सगळ्यांनी ब्रेक दाबले आणि पाय पेडलवरच ठेवले. दोन सेकंदांत बारा सायकली धाडधाड आडव्या झाल्या. त्या आवाजाने वाघच पळाला.

मागच्या जिप्सीतून इस्तारीभाऊंनी एकेकाला निरखलं. कोपरं, गुडघे, निकेशची हनुवटी, सगळं धुळीत होतं.

"पाय तं कोनाचाच नाई टेकला," ते समाधानाने म्हणाले. "पुढच्या साली बी या!"